अकरा ऑपरेटर, एक बोट आणि तीस दिवसांची नोटीस

27 मे 2025 ला ठाण्यात, विशेष विवाह कायद्याखाली, आमचं लग्न झालं. त्याच्या सहा महिने आधी, 29 नोव्हेंबर 2024 ला, मुंबईहून गोव्याला निघालेल्या क्रूझवर आम्ही पहिल्यांदा भेटलो. या दोन तारखांच्या मधलं सगळं लिहून ठेवतेय, कारण दोन्ही गोष्टी करताना मला नीट सांगणारं कुणी भेटलं नव्हतं. बोटीवर जाताना काय न्यायचं तेही नाही, आणि नोटिशीच्या अर्जाला काय जोडायचं तेही नाही.

सुरुवात आत्यापासून. आत्या टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. ट्रंक कॉलच्या जमान्यात ती लागली. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि दिवसभर एका गावाला दुसऱ्या गावाशी जोडत बसायचं. तिच्या शिफ्टमधल्या अकरा जणींचा गोतावळा निवृत्तीनंतरही टिकून आहे. महिन्यातून एकदा नौपाड्यात कुणा ना कुणाच्या घरी जमतात. त्यांचा आवडता उद्योग लग्नं जुळवणं. आतापर्यंत सात जुळवलीत असं आत्या सांगते, आणि त्यातलं प्रत्येक जोडपं कुठे राहतं, मुलं कितवीत आहेत, हे तिला तोंडपाठ असतं. ‘आयुष्यभर लाइन जोडल्या गं, आता माणसं जोडतो,’ हे तिचं ठरलेलं वाक्य.

2024 च्या गणपतीत आत्या म्हणाली, ‘आम्ही सगळ्या बोटीने गोव्याला जातोय. माझे गुडघे तुला माहीत आहेत. सोबतीला चल.’ लहानपणी ती भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मालवणला गेलेली. तेव्हा बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून किनाऱ्यावर जावं लागायचं. तो पडाव आणि आजीने घट्ट धरलेला हात तिच्या अजून लक्षात आहे. मरायच्या आत एकदा पुन्हा समुद्रावरून कोकण बघायचंय म्हणाली. यावर नाही कोण म्हणणार?

तारीख मात्र वसईच्या मावशीने ठरवली होती. या मावशी त्या अकरांपैकी एक, वसईच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या. गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियर यांचा शवप्रदर्शन सोहळा दहा वर्षांतून एकदा असतो. तो त्या वर्षी 21 नोव्हेंबरला सुरू होऊन 5 जानेवारीपर्यंत चालणार होता. मावशींना तो चुकवायचा नव्हता, आणि एकीला जायचंय म्हटल्यावर बाकी दहा जणी निघाल्याच. मावशींच्या सोबतीला त्यांचा भाचा येणार होता. हे मला कुणी सांगितलं नाही. त्यालाही माझ्याबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

बुकिंग मी केलं. दोन रात्रींचं, आतली म्हणजे खिडकी नसलेली केबिन, बंदराचे आकार आणि जीएसटी धरून माणशी साधारण 22 हजार. खिडकी किंवा बाल्कनी घेतली की भाडं भराभर चढतं. आम्ही रात्री फक्त झोपायला आत जाणार होतो, त्यामुळे आतली केबिन पुरली. पहिल्यांदा जाणाऱ्याने खालच्या मजल्यावरची, बोटीच्या मधोमध असलेली केबिन मागावी. तिथे हेलकावे कमी जाणवतात. वेब चेक-इन घरूनच करून टाका आणि बॅगेला लावायचे टॅग घरीच छापून घ्या.

मी महापे इथे एका औषध कंपनीत गुणवत्ता विभागात आहे. आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात, जे लिहिलं नाही ते केलंच नाही. त्यामुळे माझी प्लास्टिकची फाइल तयार होती: आधार, तिकिटं, दोघींची औषधं, डॉक्टरांची चिठ्ठी, गोव्यातली पाच ठिकाणं वेळेसकट. ठाण्याहून सीएसएमटीपर्यंत लोकल, पुढे बॅलार्ड पिअरच्या टर्मिनलपर्यंत टॅक्सी. दुपारी बारालाच पोचलो. सुरक्षा तपासणीत आत्याचा अडकित्ता अडकला. पितळी, आजीच्या हातचा. धारदार वस्तू, इस्त्री, बाहेरची दारू यातलं काही आत नेता येत नाही. त्यांनी पावती दिली आणि परतताना अडकित्ता जसाच्या तसा मिळाला, पण तोपर्यंत दोन दिवस आत्याचा जीव त्यात होता. अशा वस्तू घरीच ठेवा.

चेक-इन बंद व्हायला दहा मिनिटं असताना तो आला. पाठीला एक सॅक, डोळे तारवटलेले. आदल्या रात्री पुण्यात नाटकाचा प्रयोग होता, पहाटे तो आटोपून तसाच निघालेला. बॅगेला टॅग नव्हता. आधार कार्डसुद्धा मावशींच्या पाकिटात. अकरा जणी आणि मी त्याच्यासाठी तासभर ताटकळलो होतो. मला संताप आला होता, आणि तो माझ्या चेहऱ्यावर दिसत होता, हे त्याने मला नंतर सांगितलं. तो मात्र सगळ्यांकडे बघून मनापासून हसला आणि दोन आज्यांच्या पिशव्या उचलून चालू लागला.

बोट सुटण्याआधी सुरक्षेची कवायत असते. ती सगळ्यांना सक्तीची. धोक्याचा इशारा म्हणजे सात छोटे भोंगे आणि एक लांब. आपल्या नेमलेल्या जागी जाऊन उभं राहायचं आणि जीवरक्षक जाकीट कसं घालायचं ते बघायचं. बाकीचे प्रवासी फोटो काढत होते. या अकरा जणी मात्र कान टवकारून भोंगे मोजत होत्या. एकीने मोठ्याने ‘सात. बरोबर!’ असं म्हटल्यावर तिथल्या मुलाने तिला सलाम केला.

संध्याकाळी आत्याने मला शाल दिली. ‘वर डेकवर मावशी बसल्यात, त्यांना नेऊन दे, वारा आहे.’ वर गेले तर मावशी नव्हत्या. तो उभा होता, त्याच्याही हातात शाल. ‘मला सांगितलं, वर आत्या बसल्यात,’ तो म्हणाला. दोघांच्या एकदमच लक्षात आलं. बोलायला काही नव्हतं म्हणून मी विचारलं, ‘तुम्ही नेहमीच असे उशिरा येता का?’

‘प्रयोगाला कधीच नाही,’ तो म्हणाला. तो नाटकांचे लाइट्स करतो, म्हणजे प्रकाशयोजना. राहतो नेरुळला, घर वसईचं.

अंधार पडत होता. डाव्या हाताला अलिबागच्या अलीकडे खांदेरी होती, आणि तिथला कान्होजी आंग्रे दीपगृहाचा दिवा चमकून गेला. तो म्हणाला, प्रत्येक दीपगृहाची चमकायची लय वेगळी असते. खलाशी सेकंद मोजतात आणि त्यावरून आपण कुठे आहोत ते ओळखतात. मग तो मोजायला लागला आणि माझ्याही नकळत मी घड्याळ लावलं. त्याचे तोंडी सेकंद आणि माझं घड्याळ तंतोतंत जुळलं. ज्या माणसाला दुपारी वेळेचं भान नव्हतं, त्याच्या आत इतकं चोख घड्याळ कसं, असं मला वाटलं.

तेवढ्यात जिन्यातून मावशींचा आवाज आला, अगदी खात्यातला, सपाट आणि सुरेल: ‘तीन मिनिटं झाली. वाढवू?’ ट्रंक कॉलला तीन मिनिटांचा हिशेब असायचा आणि ऑपरेटर मध्येच येऊन असं विचारायची. तो म्हणाला, ‘वाढव गं.’ जिन्यात किमान पाच बायका हसल्या.

रात्री मला बोट लागली. खालची केबिन, मधला भाग, सगळं बघून घेतलेलं असूनही. माझी चूक एवढीच झाली की गोळी मी मळमळायला लागल्यावर घेतली. ती बोट हलायच्या आधी घ्यायची असते, तीही आपल्या डॉक्टरांना विचारून. रात्री दोनला आत्याला न उठवता मी वर गेले. तो तिथे जागाच होता. रात्री दोन ही त्याची रोजची जेवून गप्पा मारायची वेळ. माझी अवस्था बघून त्याने काही विचारलं नाही. मला मोकळ्या वाऱ्यात बसवलं, दूर काठावर एक मिणमिणता दिवा होता त्याच्याकडे बघत राहायला सांगितलं आणि खाली जाऊन आला. हातात केळीच्या सुक्या पानात बांधलेली पुडी. आत सुकेळी. वसईची राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती. तपकिरी, चिवट, मधासारखी गोड. ‘छोटे छोटे तुकडे चावत राहा. पोटात काहीतरी असू दे.’ सुकेळीने बोट लागणं थांबतं असा माझा दावा नाही. मी तासाभराने सावरले एवढं खरं. त्या तासाभरात तो जेमतेम चार वाक्यं बोलला असेल. मी आजारी असले की लोक मला सल्ले देतात. हा नुसता बसून राहिला, याचं मला फार बरं वाटलं.

गोव्यात उतरल्यावर माझी पाच ठिकाणं बाजूला पडली. मुरगाव बंदरातून जुन्या गोव्यापर्यंत जायला तासाभराहून जास्त लागलं आणि तिथे से कॅथेड्रलची रांग. दोन तास दहा मिनिटं उभे होतो. त्या रांगेत आमचं खरं बोलणं झालं. मी पाचला उठते, तो पाचला झोपतो. आमच्याकडे चातुर्मासात कांदा-लसूणही बंद, त्याला बोंबील नसले तर जेवल्यासारखं वाटत नाही. मला वर्षभराचे सण जानेवारीतच कॅलेंडरवर लिहिलेले लागतात, त्याला शनिवारचा दौरा शुक्रवारी कळतो. हे सगळं आम्ही एकमेकांना सांगत होतो आणि मागे आत्या त्याच्या मावशींचा हात धरून उभी होती. आत शवपेटीपाशी पोचल्यावर मावशी रडल्या. आत्याने पदराने त्यांचे डोळे पुसले आणि मग स्वतःही हात जोडले. पस्तीस वर्षांची मैत्री कशी दिसते ते मी त्या दिवशी बघितलं.

1 डिसेंबरला परत आलो. टर्मिनलवर त्याने माझा नंबर मागितला नाही, कारण तो अकराच्या अकरा जणींनी त्याला आधीच दिला होता.

मग तीन महिने. गडकरी रंगायतन तेव्हा दुरुस्तीसाठी बंद होतं, त्यामुळे ठाण्यातले त्याचे प्रयोग घाणेकर नाट्यगृहात असायचे. जानेवारीत त्याने मला प्रयोगाच्या चार तास आधी तिथे बोलावलं. तो शिडीवर चढून स्पॉट फिरवत होता आणि खाली टेबलावर त्याची क्यू शीट पडली होती. मी ती उचलली. एकशे बारा क्यू, प्रत्येकापुढे कुठला दिवा, किती टक्के, किती सेकंदांत चढवायचा, कुठल्या शब्दावर. खाडाखोड केलेल्या प्रत्येक जागी तारीख आणि सही. आमच्या कंपनीत नवीन मुलांना हीच सवय लावायला मला वर्ष लागतं. त्या कागदाने माझं ठरलं. आधार कार्ड विसरणारा माणूस ज्या गोष्टीवर जीव आहे तिथे माझ्याइतकाच काटेकोर होता. फक्त त्याची ती जागा वेगळी होती. त्याचं कधी ठरलं ते त्याने मला सांगितलंय, पण ते इथे लिहीत नाही.

घरच्यांचं लगेच जमलं नाही. माझे बाबा तीन आठवडे या विषयावर गप्प होते. त्याच्या आईंचा प्रश्न होता की चर्चमध्ये नाही तर मग कुठे, आणि पुढे मुलांचं काय. दोन्ही प्रश्न खरे होते. त्यांना बगल न देता आम्ही चौघांसमोर बसून बोललो. दोघांनीही धर्म बदलायचा नाही, हे आम्ही पहिल्याच बैठकीत सांगितलं. इथे अकरा जणी कामाला आल्या. आत्या वसईला जाऊन चार दिवस राहिली. मावशी आमच्याकडे येऊन बाबांसोबत नुसत्या भाजी निवडत बसल्या. 30 मार्चला, पाडव्याला, बाबांनी गुढी उभारली आणि त्याला फोन करून विचारलं, ‘जेवायला येताय ना?’

आता कागदपत्रांचं. दोघांचे धर्म वेगळे आणि दोघांना आपापला धर्म ठेवायचाय, तर 1954 चा विशेष विवाह कायदा हा सरळ रस्ता आहे. एकाच धर्माच्या लोकांनाही तो वापरता येतो. मुलगा 21 आणि मुलगी 18 पूर्ण हवी. दोघांपैकी किमान एकजण नोटीस द्यायच्या आधी सलग 30 दिवस त्या जिल्ह्यात राहत असला पाहिजे. नवी मुंबईकरांनी इथे जपावं: वाशी, नेरुळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतात, पण खारघर आणि पनवेल रायगडात.

अर्ज नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर भरला. वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, फोटो. आमचं घोडं नावावर अडलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्याचं नाव एका स्पेलिंगने, आधारवर दुसऱ्या. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घेतलं, 500 रुपये. यात एक आठवडा गेला. तुम्ही अर्ज भरण्याआधी दोघांचे सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर ताडून बघा. दाखल्याची मूळ प्रत सापडत नसेल तर शाळेतून दुय्यम प्रत काढायला वेळ लागतो, तोही धरा. सगळं करून देतो म्हणणाऱ्या एका माणसाने आम्हाला साडेसात हजार सांगितले होते. सरकारी फी त्या मानाने अगदी किरकोळ आहे. आमचे सगळ्यात जास्त पैसे गेले ते नोटरी, फोटो, झेरॉक्स आणि रिक्षावर: सगळे मिळून 1,340.

8 एप्रिल 2025 ला नोटीस दाखल झाली. दुसऱ्या दिवशी मी रजेचा अर्ज टाकला आणि तो रात्री प्रयोग संपवून माझ्या घराखाली येऊन नुसता उभा राहून गेला.

नोटीस म्हणजे काय ते आधीच समजून घ्या, म्हणजे दचकायला होणार नाही. आपल्याला लग्न करायचंय ही सूचना विवाह अधिकारी फलकावर लावतात. 30 दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतो, पण हरकत कायद्यातल्या अटींवरच घ्यावी लागते. आधीचं लग्न कायम आहे, वय पुरं नाही, नात्याने लग्न निषिद्ध आहे, अशा. ‘आम्हाला पसंत नाही’ ही हरकत होत नाही. दोघांपैकी कुणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची प्रत तिकडेही जाते. त्याचा पत्ता वसईचा, म्हणून आमची प्रत पालघरला गेली. ज्या नातेवाइकांना सांगायचंय त्यांना नोटीस लागण्याआधी आपल्या तोंडून सांगा. त्याच्या एका काकांना ते फलकावरून कळलं आणि ते दुखावले. आम्ही दोघं घरी जाऊन त्यांची माफी मागून आलो. 

त्या महिन्यात मी रोज रात्री अस्वस्थ असायचे. आमचे फोटो आणि पत्ते भिंतीवर लागलेत आणि येणारा-जाणारा कुणीही वाचतोय, ही कल्पना मला सोसत नव्हती. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. आमचं यावरून एकदा चांगलंच वाजलं. तो म्हणाला, ‘प्रयोगाची जाहिरात लागलीय असं समज.’ मी म्हणाले, ‘हा प्रयोग नाही.’ दोन दिवस बोललो नाही. तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला की ती आणि दोघी मैत्रिणी दर बुधवारी फलक बघायला जातात. दहावीचा निकाल बघावा तशा. ‘तुमचा फोटो मधोमध आहे. आणि शेजारी आणखी सहा जोडपी आहेत गं, सगळी गोड.’ ते ऐकल्यावर मला तो फलक निराळाच दिसायला लागला. मी स्वतः जाऊन बघून आले. सहाच्या सहा जोडप्यांचे फोटो बघितले. त्यांचंही नीट होऊ दे, असं मनात म्हटलं.

वारसाहक्काचं कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून लिहिते. आमच्यासारख्या एक हिंदू आणि एक ख्रिस्ती अशा दोघांनी या कायद्याखाली लग्न केलं की त्यांच्या मालमत्तेला 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. हिंदू अविभक्त कुटुंबातल्या व्यक्तीचा त्या कुटुंबाशी असलेला कायदेशीर संबंधही तुटतो. गावाकडे एकत्र जमीन असेल तर आधी वकिलाशी बोला. आम्ही एका वकीलबाईंकडे अर्धा तास बसलो, हजार रुपये दिले. सगळ्या खर्चात तो सगळ्यात सत्कारणी लागला.

तीस दिवस संपल्यावर लगेच तारीख मिळेल असं समजू नका. दुसरा शनिवार, रविवार, बुद्धपौर्णिमा असं करत आम्हाला 27 मे मिळाली. त्याच्या दौऱ्यांतही तोच एक मोकळा दिवस, तोही संध्याकाळपर्यंतच. नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती बाद होते आणि पुन्हा पहिल्यापासून. आमची मुदत 8 जुलैला संपणार होती, म्हणून घाई नव्हती.

साक्षीदार तीन लागतात. इथे अकरा तयार होत्या. आत्या आणि मावशी नक्की, उरलेल्या एका जागेला नऊ उमेदवार. शेवटी आमच्या स्वयंपाकघरात चिठ्ठ्या टाकल्या. बाबांनी चिठ्ठी काढली. जिचं नाव निघालं तिने त्याच दिवशी जाऊन नवा चश्मा करून आणला.

26 मेला पाऊस मुंबईत दाखल झाला, एरवीच्या 11 जूनच्या कितीतरी आधी. 27 ला सकाळी आम्ही छत्र्या आणि रेनकोटमध्ये निघालो. फाइल दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत. मूळ कागद, प्रत्येकाच्या दोन-दोन प्रती, साक्षीदारांची आधार कार्डं, जादा फोटो, निळं आणि काळं पेन. तो माझ्याआधी अर्धा तास येऊन उभा होता. पांढरा शर्ट, आणि खिशात स्वतःचं आधार कार्ड. त्याने ते मला काढून दाखवलं.

सगळं सुरळीत चाललं आणि आत्याच्या अंगठ्यापाशी गाडी थांबली. यंत्रावर ठसा उमटेना. एकदा, दोनदा, पाच वेळा. वयस्कर माणसांचे, विशेषतः आयुष्यभर भांडी-धुणी केलेल्या बायकांचे ठसे झिजतात, आणि पावसाने बोटं ओली आणि गारठलेली. तिथल्या ताईंनी शांतपणे सांगितलं, हात पुसा, चोळा, गरम करा. मावशींनी आत्याचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि चोळायला लागल्या. आत्याचा अंगठा मी इतक्या जवळून कधी बघितला नव्हता. कडेला विळीची जुनी खूण, नखावर उभ्या रेघा, आणि मधला भाग गुळगुळीत, नाण्यासारखा. वर्षानुवर्षं बोर्डावरच्या दोऱ्या ओढून ढकलून तो असा झाला, असं ती म्हणाली. आठव्या वेळी हिरवा दिवा लागला. रांगेतल्या अनोळखी माणसांनीही टाळ्या वाजवल्या. साक्षीदार वयस्कर असतील तर कोरडा रुमाल आणि थोडं व्हॅसलीन जवळ ठेवा, आणि एखादा तरुण साक्षीदार आधार कार्डासकट राखीव आणा.

मग अधिकाऱ्यांनी आम्हाला उभं केलं. कायद्यात वाक्य एकच आहे. एकमेकांचं नाव घेऊन, मी तुझा कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार करते, एवढंच, साक्षीदारांना ऐकू जाईल असं म्हणायचं. मी पाठ केलं होतं, तरी माझा आवाज फुटेना. त्याने आधी म्हटलं. हळू, स्वच्छ, शेवटच्या शब्दापर्यंत. मग मी म्हटलं. सह्या झाल्या. सगळं मिळून वीस मिनिटं.

जेवायला सव्वीस माणसं होतो, जवळच्याच एका साध्या खानावळीत, 9,600 रुपये. त्याच्या आईंनी माझ्यासाठी कांदा-लसूण नसलेला डबा घरून आणला होता. चातुर्मास नसतो तेव्हा मी सगळं खाते हे त्यांना सांगायचं राहून गेलं होतं, आणि डबा बघून मी ते तेव्हाही सांगितलं नाही. बाबांनी वसईच्या काकांना स्वतःच्या शेजारी बसवून घेतलं.

संध्याकाळी वाशीला भावे नाट्यगृहात त्याचा प्रयोग होता. मी ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने त्याच्यासोबत गेले आणि तीन तास लाइट्सच्या केबिनमध्ये एका स्टुलावर बसले. तिसरी घंटा झाली, प्रेक्षागृह अंधारलं आणि त्याने क्यू शीट माझ्या हातात देऊन म्हटलं, ‘तू नंबर वाच.’ मी वाचत गेले.

प्रमाणपत्र मिळालं की साक्षांकित जादा प्रती तेव्हाच मागून घ्या. पासपोर्ट, बँक, विमा, सगळीकडे लागतात. या प्रमाणपत्रानंतर महापालिकेत वेगळी विवाह नोंदणी करावी लागत नाही. आणि मूळ प्रत लॅमिनेट करू नका, पुढे काही ठिकाणी चालत नाही. आत्या ती घेऊन लॅमिनेशनवाल्याकडे निघालीच होती. मी तिला रंगीत झेरॉक्स दिली. ती तिने लॅमिनेट करून शिफ्टमधल्या अकरा जणींच्या फोटोखाली लावलीय, आणि कोपऱ्यात पेनाने आठ हा आकडा लिहिलाय.